त्याले सारं समजते, हाच तर वांधा हाय

या महिन्यात मला, म्हणजे तुमच्या जनावरांच्या डॉक्टरला, टपालानं आणि व्हॉट्सॲपवर मिळून ढोरांपेक्षा कुत्र्यांचीच पत्रं जास्त आली. नेहमी कसं, वासराला जुलाब लागले, बकऱ्यांची लस कधी, गाय माजावर येत नाही, असं असतं. आता कापसाची वेचणी सुरू आहे, अख्खं घर दिवसभर वावरात, घरी फक्त म्हातारं माणूस आणि कुत्रं, मग कुत्र्याला रान मोकळंच. पत्रं जशी आली तशी देतोय, थोडी काटछाट केली, नावं गावं काढली.

दारव्हा तालुक्यातून एक ताई:

"डॉक्टर साहेब नमस्कार. आमच्या घरी गावठी कुत्रं हाय, टिप्या नाव, दोनक वर्साचा असन. पोट्ट्यानं शाळेतून येता येता उचलून आनला होता. आता तो सैपाकखोलीची कडी नाकानं वर करून उघडते, खोटं नाई सांगत, माह्या डोयानं पायलं. फ्रीज बी उघडते. पोळ्याच्या दिशी बैल दारात उभे, मी ओवाळाले ताट घेतलं अन डबा उघडला तं डबा रिकामा, बैलाच्या मानाच्या पुरनपोळ्या यानं खाल्ल्या अन कोठ्यात जाऊन झोपला. त्यात कापूस घरातच भरून हाय, भाव वाढन वाढन म्हनून ठेवला, तं त्या ढिगात यानं बीळ केलं. मांगच्या आठवड्यात व्यापारी कापूस पायाले आला, त्यानं ढिगात हात घातला अन हातात निंगाली चप्पल. मंग पळी. मंग पोट्ट्याच्या कंपासपेटीचं झाकन. मानूस हासून हासून बेजार पन भाव पाडूनच मांगतला. मामाजी म्हंतेत याले जंगलात सोडून द्या. मारून पायलं, उपाशी ठेवून पायलं. मारलं का मान खाली घालते, कान पाडते, असा चेहरा करते का जसं सारं समजलं, अन दुसऱ्या दिशी पुना तेच. त्याले सारं समजते, हाच तर वांधा हाय. का करू सांगा."

ताई, भाव पडला ते वाईट झालं पण कापसातून पळी निघाली हे मी घरी वाचून दाखवलं आणि आमच्याकडे जेवण थांबलं होतं.

आधी मामाजींचं. जनावराचे भुकेतहानेने हाल होतील असं त्याला सोडून देणं 1960 च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्यात गुन्ह्यात धरलंय, हे त्यांना सांगा, आणि कायद्याचं नाही ऐकलं तर हे सांगा की जो कडी उघडायला शिकला त्याला जंगलातून घरचा रस्ता सापडणार नाही असं वाटतं का, तो तुमच्या आधी घरी येऊन बसलेला असेल.

आता त्या चेहऱ्याचं. तुम्ही म्हणता त्याला समजतं. समजतं हे खरं, पण काय समजतं ते बघा. 2009 साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक प्रयोग केला. मालकाने कुत्र्याला खाऊ दाखवून खायचं नाही म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, पण सांगितलेलं दरवेळी खरं नसायचं. तर ज्या कुत्र्यांना रागावले त्यांनीच तो मान पाडलेला चेहरा जास्त केला, खाल्लं असो नसो, आणि गंमत म्हणजे ज्यांनी खाल्लंच नव्हतं पण बोलणी बसली त्यांचा चेहरा सगळ्यात जास्त पडला. म्हणजे तो चेहरा चोरीचा नाही, तुमच्या रागाचा आहे. टिप्याला एवढंच समजतं की ताई चिडली आहे, आता लहान होऊन बसावं. दुपारी खाल्लेली पोळी आणि संध्याकाळी पडलेली काठी, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात जुळतच नाहीत, तुम्ही वावरातून आल्या आणि मार बसला एवढंच जुळतं. काही दिवसांनी तो तुम्ही आल्यावर लपेल आणि तुम्ही म्हणाल बघा, चोर आहे म्हणून लपतो.

उपाशी ठेवून तर उलटंच होतं. भुकेलं कुत्रं जास्त डोकं चालवतं.

मग तो परत परत का करतो, तर त्याला त्याची मजुरी मिळते म्हणून. कडी उघडली, आत गेला, कधी काहीच नाही, कधी भाकरीचा तुकडा, कधी दूध आणि एकदा तर अख्खा डबाभर पुरणपोळ्या. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी उंदीर कबुतरांवर हेच दाखवलं की दरवेळी मिळणाऱ्या खाऊपेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या खाऊने लागलेली सवय जास्त चिवट असते. गावातला मटका लावणारा माणूस रोज हरतो, कधीतरी एखादा आकडा लागतो आणि तेवढ्यावर तो वर्षभर टपरीवर जात राहतो, तसं आहे हे. म्हणून "दहातल्या नऊ वेळा आम्ही बंदोबस्त करतो" याला काही अर्थ नाही, ती दहावी वेळच त्याला शिकवते. मजुरी बंद म्हणजे पूर्ण बंद.

तुमची कडी साखळीची असणार, कोयंड्यात नुसती अडकवलेली. ती खालून ढकलली की सुटते, नाक त्यासाठीच बनवल्यासारखं आहे. कोयंड्यात लाकडाची खिट्टी किंवा मोठा खिळा आडवा घाला, तो ओढून काढायला बोटं लागतात आणि ती टिप्याला नाहीत. फ्रीजला लहान मुलांसाठीचं प्लास्टिकचं लॉक मिळतं, चिकटवायचं असतं, कोणत्याही तालुक्याच्या दुकानात विचारा. डबे फळीवर वर. आणि एक लक्षात ठेवा, पहिले काही दिवस तो जास्त धिंगाणा करेल, दार खाजवेल, भुंकेल, कुईकुई करेल, नेहमी उघडणारं दार उघडत नाही म्हणल्यावर तो जोर वाढवून बघणारच. तेव्हा कंटाळून मामाजींनी "घे लेका मर" म्हणून भाकर फेकली तर सगळं पाण्यात, मग त्याला कळेल की आता एवढा जोर लावावा लागतो.

पण नुसतं बंद करून भागत नाही. हुशार कुत्र्याला काम लागतं, तुम्ही नाही दिलं तर तो स्वतःचं शोधतो आणि त्याने शोधलेलं काम तुम्हाला आवडत नाही. अमेरिकेत चेसर नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री होती, जॉन पिली नावाचे निवृत्त प्राध्यापक तिला रोज चार पाच तास शिकवायचे, तीन वर्षात तिला 1022 खेळण्यांची नावं पाठ झाली, नाव घेतलं की तेच उचलून आणायची. आपल्याकडे चार तास कोणाला आहेत, वेचणीच्या दिवसात तर चार मिनिटं नाहीत. तर हे करा, सकाळी निघताना त्याची भाकर थाळीत देऊ नका, बारीक तुकडे करा आणि कुटाराच्या टोपल्यात कालवून टाका नाहीतर आंगणात, तुराट्यांच्या पेंढ्यांमध्ये पेरून द्या. वास काढून एकेक तुकडा शोधण्यात त्याचा चांगला वेळ जातो आणि नाकाने काम केलेलं कुत्रं थकतं, पळण्याने थकतं त्याहून जास्त. संध्याकाळी पोट्ट्याला म्हणा त्याला "सोड" शिकव. तोंडात चप्पल असली की मागे धावायचं नाही (मागे धावणं हा त्याच्यासाठी सगळ्यात भारी खेळ आहे, तो चप्पल त्यासाठीच नेतो), भाकरीचा तुकडा दाखवायचा, चप्पल सोडली की "सोड" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. आठ पंधरा दिवसात तो स्वतः चप्पल आणून द्यायला लागेल, कधीकधी शेजाऱ्यांची पण आणेल, ते तुम्ही बघून घ्या.

कापसाचं सोपं आहे, थंडीत कापसाएवढी गरम जागा गावात दुसरी नाही, तुम्हाला मिळाली तर तुम्ही पण झोपाल. त्या खोलीला कुलूप लावा आणि ओसरीत पोत्यात जुने कपडे भरून त्याला जागा करून द्या, त्यात घरच्या माणसाचा न धुतलेला एखादा कपडा असू द्या, तो तिथे टिकतो. पुरणपोळीने काही झालं नाही ना? तूप आणि गूळ एवढं एकदम पोटात गेलं की कुत्र्याला उलट्या जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पुढच्या पोळ्याला पोळ्या फळीवर ठेवा.

वरुड तालुका, संत्र्याचे बागायतदार:

"साहेब, चार महिन्याचं पिल्लू बागेत ठेवलं राखनीले. त्यानं ठिबकच्या नळ्या चावून चावून चाळनी केली. आंब्या बहाराचा ताण चालू हाय, फुलासाठी पानी तोडलं, अन याच्या चावन्यानं काही झाडाले पानी भेटून रायलं. नळीले मिरचीची पूड लावली तं दोन दिवस बसला, मंग पुना सुरू. लोक म्हंते याले हाडं द्या चघळाले."

भाऊ, तुमचं पिल्लू खोडकर नाही, त्याचे दात पडून राहिले. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहाव्या सातव्या महिन्यापर्यंत पक्के 42 येतात, मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे मऊ पण चिवट असेल ते चावायलाच पाहिजे असं होतं. ठिबकची नळी म्हणजे त्याच्यासाठी मुद्दाम बनवलेली वस्तू, आणि चावल्यावर वरून पाणी पण उडतं. ताणाच्या दिवसात व्हॉल्व्ह बंद असला तरी नळीत साचलेलं पाणी असतंच, बागेत दुसरीकडे कुठे पाणी नाही, त्याला तहान लागली की तो कुठे जाणार. विहिरीजवळ आणि राखणीच्या खोपडीजवळ पाण्याची पसरट कुंडी ठेवा, रोज भरा. अर्धं काम तिथेच होतं, आणि फक्त पिल्लाचं नाही, खारी पण त्यासाठीच नळ्या कुरतडतात.

मिरची लावू नका. डोळ्यात गेली की तो पंजाने चोळतो आणि डोळ्याला जखम होते, आणि नंतर तुम्हीच नळीला हात लावून डोळे पुसणार आहात.

शिजवलेली हाडं तर अजिबात नको, शिजलं की हाड ठिसूळ होतं, टोकदार फुटतं आणि घशात नाहीतर आतड्यात रुततं. कोंबडीचं तर सगळ्यात वाईट. मक्याचं कणीस खाऊन झाल्यावर उरलेलं बुरकुंडं पण देऊ नका, आतड्यात अडकतं आणि मग पोट उघडावं लागतं, आंब्याच्या कोयीचं पण तेच. जुन्या सुती लुगड्याचा जाड पीळ करा, मध्ये गाठी मारा, पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये थंड करा आणि तो द्या. गाजर द्या, आता थंडीत स्वस्त आहे. नळी चावताना दिसला तर ओरडू नका, पीळ पुढे करा. आणि दात येईपर्यंत, म्हणजे अजून दोन तीन महिने, एकट्याला बागेत सोडूच नका, चार महिन्याचं पिल्लू राखण काय करणार, त्याचीच राखण करावी लागते. नाहीतर कोल्हा घेऊन जाईल.

हिंगणघाटकडून:

"आमचा लॅब्रा हाय. पोटच भरत नाई त्याचं. आता गाईची सरकीची ढेप खाऊन रायला, भिजवलेली टोपलीच रिकामी करते. गाय खाते तं त्याले का होते? चालन ना?"

नाही चालणार. कपाशीच्या सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या गाईम्हशीच्या पोटात, रवंथ होते त्या कप्प्यात ते बांधलं जातं म्हणून तिला ठरावीक ढेप पचते. कुत्रं, डुक्कर, कोंबडी यांना तो कप्पाच नाही. आज खाल्लं आणि उद्या मेलं असं होत नाही, त्यामुळेच लोक फसतात, ते अंगात साठत जातं आणि हृदय खराब करतं, काही आठवड्यांनी कुत्रं धापा टाकायला लागतं, पोट फुगतं, लोकांना वाटतं म्हातारं झालं. त्यावर उताराही नाही, फक्त बंद करणं आहे. ढेप बंद पेटीत ठेवा आणि टोपली गाईसमोर तो बांधलेला असतानाच ठेवा, गाईचं झालं की उचला. आणि लॅब्राचं पोट भरत नाही ही तुमची तक्रार खरी आहे, 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालेला सापडला, साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये असं असतं आणि अशा कुत्र्याची खाखा जास्त असते. म्हणून त्याच्या नजरेवर विश्वास ठेवून वाढू नका, मापाने वाढा. बरगड्यांवर हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

आर्णी तालुक्यातला एक तरुण शेतकरी:

"सर, फवाऱ्याचा पंप अन औषधं कोठ्यातच ठेवतो. आमची कुत्री बिजली भल्ली आगाऊ, पोतं फाडल्याशिवाय तिले जमत नाई. परवा थिमेटची जुनी पिशवी फाडून ठेवली, दाने सांडलेले. खाल्लं का नाई मालूम नाई पन थोड्या वेळानं लाळ गाळाले लागली, अंग थरथर करे. कोनी म्हने मिठाचं पानी पाजा, कोनी म्हने तेल, कोनी म्हने दूध. मी गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, वाचली. पन डॉक्टर म्हने अजून उशीर केला असता तं गेली असती. पुढच्या बारीले घरी का कराव?"

पुढच्या बारीला पण हेच करा जे केलं, काही न पाजता गाडीवर घालून दवाखाना. पाजणाऱ्यांचं ऐकलं नाही हे फार चांगलं केलं. या उत्तराला जरा जागा देतो कारण या भागात कुत्र्यांचं सगळ्यात जास्त नुकसान खोडीने नाही, खोडीत सापडलेल्या विषाने होतं, आणि 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते कोणी विसरलेलं नाही.

तुमच्या पिशवीतलं थिमेट म्हणजे फोरेट नावाचं कीडनाशक, त्यावर 2020 संपतानाच बंदी आली, तरी जुनी पिशवी कोठ्यात असतेच. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि फोरेट हे सगळं एकाच कुळातलं. शरीरात नसांचा इशारा थांबवणारं एक एन्झाइम असतं, ते हे औषध बंद पाडतं, मग इशारे थांबतच नाहीत. म्हणून लाळ, डोळ्यातून पाणी, उलटी, पातळ संडास, लघवी सुटणं, बाहुली सुईच्या टोकाएवढी होणं, मग थरथर, झटके आणि श्वास बंद. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत केव्हाही सुरू होतं. यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन लागतं, वजनावर, डॉक्टरच्या हाताने, बऱ्याचदा परत परत.

मिठाचं पाणी पाजलं की उलटी होईल न होईल, पण रक्तातलं मीठ वाढून त्यानेच कुत्रं मरू शकतं. तेलात आणि दुधाच्या सायीत काही औषधं आणखी लवकर विरघळून अंगात जातात. आणि झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुप्फुसात जातं. त्यामुळे काही पाजायचं नाही. अंगावर औषध सांडलं असेल तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून साबणाने धुवा, ती चाटणार नाही असं बघा. औषधाचा डबा नाहीतर पिशवी सोबत न्या, ते जमलं नाही तर लेबलचा फोटो काढा. लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल असला तर सगळ्यात जहाल, आणि उतारा काय तेही तिथेच छापलेलं असतं. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, गाडी यायला वेळ लागत असला तरी नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. यवतमाळ वर्ध्याकडच्या फार बिघडलेल्या केसेस आम्ही नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवतो.

उंदराचं औषध वेगळं. काळी पूड असते, झिंक फॉस्फाइड, ती पोटातल्या आम्लाला लागली की विषारी वायू तयार होतो. अशा वेळी "पोट भरलेलं राहू दे" म्हणून भाकर खाऊ घालतात, त्याने आम्ल अजून सुटतं. उलटी झाली तर कोंडलेल्या खोलीत किंवा गाडीच्या काचा लावून बसू नका, तो वायू तुम्हालाही लागतो. आणि केकच्या वडीसारखं मिळतं ते ब्रोमॅडिओलोन, त्याचं तर फसवं काम, खाल्ल्यावर दोन तीन दिवस कुत्रं अगदी ठणठणीत, उड्या मारतं, मग हिरड्यातून, नाकातून, संडासातून रक्त. खाल्लं हे दिसलं तर लक्षणाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं, व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं पण ते काही आठवडे चालू ठेवावं लागतं, चार दिवसात बरी वाटली म्हणून बंद केलं की परत रक्त.

औषधं कोठ्यात नकोच. जुना लोखंडी पेटारा घ्या, कुलूप लावा आणि तो घराबाहेरच्या खोलीत ठेवा. पंप धुतलेलं पाणी आंगणात ओतू नका. बियाण्याला चोळलेलं औषध असतं ते लाल गुलाबी सोयाबीन पेरणीनंतर उरलं की बांधून वर ठेवा. आणि रिकाम्या डब्यात कुत्र्याला पाणी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, काय बोलावं.

भंडारा जिल्हा:

"घरचंच कुत्रं, चप्पल घेऊन पळालं, पोरगा तोंडातून ओढायला गेला आणि दात लागला, थोडं रक्त आलं. घरचं आहे, लस दिलेली नाही, इंजेक्शन घ्यावं लागेल का?"

लागेल, आजच. आधी जखम नळाखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण 15 मिनिटं फार मोठी असतात आणि माणसं दोन मिनिटातच आटपतात. चुना, तिखट, हळद काही भरू नका. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, सगळे डोस ठरलेल्या तारखांना घ्या. रेबीज एकदा लक्षणं दिसली की त्यावर औषध नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, बांधून पण खाऊपिऊ घालून, आजारी वाटलं किंवा मेलं तर दवाखान्यात लगेच सांगा, पण त्या दहा दिवसांची वाट बघत पोराची लस थांबवू नका. आणि कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की लस आणि मग दरवर्षी, तेवढं तुमचं राहिलंच आहे. पोराला वर दारव्ह्याच्या ताईंना सांगितलंय तो "सोड"वाला भाग वाचायला द्या, तोंडातली वस्तू ओढायची नसते.

भद्रावती तालुका, शेवटचं:

"डॉक्टर, आमचं कुत्रं एवढं हुशार हाय का मानसाच्या आंधी त्याले डुक्कर समजते. हरभऱ्याच्या जागलीले रातभर मोकळं सोडू का? रोही अन डुकरानं धुरा धुरा धरून हरभरा खाल्ला."

सोबत न्या, मोकळं सोडू नका. तुमच्या त्या पट्ट्यात बिबट आहे, वाघ आहे, आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे आवडीचं जेवण, एकटं धुऱ्यावर फिरणारं कुत्रं सकाळी सापडतच नाही. डुकराशी भिडलं तर सुळ्याने पोट फाडतं, हुशार कुत्रं जास्त भिडतं कारण त्याला आपण जिंकू असं वाटतं. तिसरी गोष्ट तार. कोणी शेजाऱ्याने खांबावरून थेट करंट सोडला असेल तर कुत्रं जाईल, आणि त्याला बघायला धावलेला माणूसही. सौर कुंपणाचा झटका वेगळा, तो बारीक असतो, ठरावीक वेळाने येतो आणि जीव घेत नाही, थेट करंट गुन्हा पण आहे. गावात कोण काय लावतं हे तुम्हाला माहीतच असतं, आधी विचारून घ्या.

त्याला तुमच्या मचाणाखाली लांब दोरीने ठेवा, शेकोटीजवळ. त्याचं काम भुंकणं एवढंच, उठून हाकलणं तुमचं. भुंकला की टॉर्च मारा, डबा वाजवा, आणि खरंच जनावर असेल तर त्याला तुकडा द्या, नुसत्या वाऱ्याला भुंकला तर काही नाही, थोड्या रात्रीत तो वाऱ्याला भुंकणं सोडून देतो. रेबीजच्या लसीसोबत डिस्टेंपरची पण टोचून घ्या, कुत्र्यांचा हा आजार रानातल्या मांजरवर्गीय जनावरांना लागतो, गीरमध्ये 2018 साली सिंह मेले त्यात हाच विषाणू सापडला होता, तुमच्या शेताला लागून ताडोबा आहे. आणि जागलीला जाताना भाकर दोघांची वेगवेगळी बांधा, एका फडक्यात बांधली तर तुमची वाटणी शिल्लक राहील याची हमी मी देत नाही.